डाव्या हाताची मोजणी

नोकरीच्या परीक्षेत तिला भर चौकात स्टुलावर बसवलं होतं. बरोबर आणखी सहा उमेदवार. प्रत्येकाच्या मुठीत अंगठ्याने दाबायचं एक छोटं यंत्र; माणूस रस्ता ओलांडून गेला की एकदा दाबायचं, आकडा एकाने पुढे सरकतो. तासाभराने परीक्षकांनी आकडे विचारले. कोणी चारशे दोन म्हणालं, कोणी चारशे तीस. एकाने तर पूर्ण पाचशे सांगितले, गोल आकडा साहेबांना आवडतो अशा समजुतीने. बावीस वर्षांची ती म्हणाली, "चारशे अकरा. आणि तिघं परत गेले, त्यांना कुठे लिहू?"

परीक्षक हसले. परत गेले म्हणजे आलेच नाहीत, त्यांचं काय लिहायचं, असं म्हणून त्यांनी तिच्या नावापुढे पसंतीची खूण केली. नोकरी लागली. प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि प्रश्न उशाशी घेऊन शांत झोपणाऱ्यांतली ती नव्हती.

आज ती पंचावन्न वर्षांची आहे. शहराच्या रस्ते खात्यात तिला मोजणीबाई म्हणतात आणि तिच्या यंत्राला टिकटिकी. कुठे पूल बांधायचा, कुठे सिग्नल लावायचा, कुठला रस्ता रुंद करायचा याची चर्चा वातानुकूलित खोलीत होत असली तरी तिथे जे आकडे मांडले जातात ते बाईंच्या अंगठ्यातून निघालेले असतात. हे तिला पक्कं ठाऊक आहे आणि त्याचा तिला अभिमान आहे. उगाच विनय दाखवायची सवय तिला नाही.

या कामाचा पहिला नियम असा की तोंडं बघायची नाहीत, पाय बघायचे. तोंडाकडे बघितलं की माणूस ओळखीचा निघतो, हसतो, आज इथे कशा म्हणून विचारतो, आणि तेवढ्यात चौघं निसटतात. पाय काही विचारत नाहीत. तेहतीस वर्षांत तिने लाखो पाय बघितले असतील. चपलेच्या झिजेवरून माणूस कुठल्या अंगावर भार देतो ते ती सांगते, आणि नको सांगू म्हटलं तरी सांगते.

दुसरा नियम तिला एका फजितीने शिकवला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी बाजाराच्या रस्त्यावर चांगली सावली बघून तिने स्टूल मांडलं आणि दिवसभरात जेमतेम नव्वद माणसं मोजली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या किल्ल्या बनवणाऱ्याला राहवेना. तो म्हणाला की बाई, लोक रोज जिथून ओलांडतात नेमकं तिथेच तुम्ही ठाण मांडून बसलाय, माणसं बिचारी तुम्हाला वळसा घालून पुढच्या गल्लीतून जातात. तेव्हापासून ती आधी अर्धा तास उभी राहून नुसतं बघते आणि मग स्टूल उघडते.

डाव्या हाताची गोष्ट त्यानंतरची. खात्यात भंगारात निघालेली एक जुनी टिकटिकी तिने मागून घेतली. तिचं एक चाक मधूनच अडकतं, गुडघ्यावर आपटलं की मुकाट चालतं. उजव्या हातात खात्याची, डाव्या हातात ही. ओलांडून गेला तो उजवीकडे. फुटपाथच्या कडेला आला, थांबला, दोन्हीकडे बघितलं आणि परत फिरला तो डावीकडे. दिवस संपला की उजवा आकडा तक्त्यात भरून खात्यात जायचा, आणि डावा तिच्या वहीत. वहीत आकड्याशेजारी बारीक अक्षरात पायांचं वर्णनही असायचं: काळे बूट, नाडी सुटलेली, दोनदा आला, लहान मुलाचे लाल बूट आणि शेजारी मोठे पाय, एकदा. अशा छत्तीस वह्या घरच्या कपाटात साठल्या. सहकारी चेष्टा करायचे, की उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात, बाईंच्या डाव्याचं उजव्याला कळत नाही. ती म्हणायची, कोणी तिकिटं जमवतं, मी परत गेलेली माणसं जमवते, छंद आहे माझा.

छंद म्हणायची, पण त्यातून तिचं एक शास्त्रच तयार झालं होतं. एका मोठ्या कचेरीला दोन दारं होती. पूर्वेचं बसथांब्याजवळ, पश्चिमेचं वळसा घालून. सकाळी निम्मी माणसं थांब्यावर उतरून पूर्वेच्या दारापर्यंत यायची आणि वळसा घालून पश्चिमेच्या दाराने आत शिरायची. साहेबांनी निष्कर्ष काढला की लोकांना दार सापडत नाही, बाण काढलेली पाटी लावा. मोजणीबाई जेवणाच्या सुट्टीत तिथल्या बायकांत जाऊन बसली. दहा मिनिटांत उलगडा झाला: पूर्वेच्या दारावर व्यवस्थापकाची खिडकी होती, आणि पाच मिनिटं उशिरा येणाऱ्याला ती खिडकी नको असायची. साहेबांना वाटतं लोक अंतर पावलांत मोजतात. लोक ते कधी पावलांत मोजतात, कधी लाजेत, कधी गुडघ्यात. पाटी लागलीच, आणि तिच्याकडे आजवर कोणी बघितलेलं नाही.

तिच्या थोरल्या बहिणीची, अक्काची, मुलगी कॉलेजात अर्थशास्त्र शिकते. रविवारी अक्काकडे गेलं की मावशी आणि भाचीची जुंपते. भाचीला त्या वर्षी एक निबंध लिहायचा होता: माणसाच्या वागण्याचं शास्त्र होऊ शकतं का. तिचं म्हणणं असं, की दुसऱ्याच्या मनात काय आहे ते कोणालाच दिसत नाही, तो काय निवडतो तेवढं दिसतं. तेव्हा निवडलं तेच त्याला हवं होतं असं धरून चालायचं, नाहीतर शास्त्राला पाय टेकायला जमीनच उरत नाही. मावशीला हे अर्धं पटलं. अर्धी पटलेली गोष्ट ती सहजी सोडत नाही.

"दगड उतारावरून घरंगळतो, त्याला कुठे जायचं नसतं," ती म्हणाली. "माणूस निघतो तो कुठेतरी जायला. तुझं पुस्तक पोचलेल्यांना मोजतं. निघालेल्यांना कोण मोजतं?"

भाचीने हसत आईकडे बोट दाखवलं. आठ महिने झाले, आई घराबाहेर पडत नाही, मग पुस्तकाप्रमाणे आईला घरात बसणंच जास्त आवडतं असं म्हणायला हवं, असं ती म्हणाली. अक्का खिडकीशी बसून कुणाच्या तरी सदऱ्याला काजं करत होती. तिने दातांनी दोरा तोडला आणि पुढचं काज घेतलं.

अक्काचं असं होतं. घराच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, कपडे शिवायचा कारखाना होता. पंचवीस मशीनं, त्यातलं खिडकीजवळचं अक्काचं. तीस वर्षं ती तिथे कॉलर आणि काजं करायची. शहरात तिच्यासारखी कॉलर बसवणारं दुसरं कोणी नाही असं मालकीण उघड म्हणायची. रस्ता दोन पदरी होता तोवर पाऊण मिनिटाचं काम. आठ महिन्यांपूर्वी तो सहा पदरी झाला. मधे दुभाजक, त्यात एक फट ठेवलेली, गाड्या सुसाट. अक्काच्या गुडघ्याने त्याच सुमाराला असहकार पुकारला. जवळचा सिग्नल गाठायचा तर अर्धा तास जायला, अर्धा यायला. रिक्षावाले एवढ्याशा अंतराला मानही वळवत नाहीत. भाचीने एकदा हाताला धरून न्यायचा प्रयत्न केला, तर दोघी वीस मिनिटं दुभाजकावर अडकून पडल्या. मालकिणीने काजाचं काम घरी पाठवलं, मशीन राखून ठेवलं. पण आता मोठं काम आलं होतं आणि कॉलर काही घरी बसून होत नाही. तिने निरोप धाडला, की एक तारखेपर्यंत आलीस तर मशीन तुझं, नाहीतर मला दुसरी बाई बसवावी लागेल. निरोपात राग नव्हता, म्हणून तो जास्तच लागला.

आणि त्याच रस्त्याची मोजणी पुन्हा बाईंकडे आली. पुन्हा म्हणायचं कारण, रस्ता रुंद झाल्यावर पहिली मोजणी तिनेच केली होती. नियम साधा: तासाला दीडशे माणसं ओलांडत असतील तर सिग्नल. उजव्या हातात त्रेचाळीस आले होते. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं, 'गरज दिसत नाही.' समोर बहीण राहते हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. उलट त्यामुळेच ती जास्त कडक झाली; घरच्या माणसासाठी आपल्या हातून एक आकडाही वाकडा पडला असं कोणी म्हणायला नको. डावा आकडा नेहमीप्रमाणे वहीत गेला. आता रहिवाशांनी दुसरा अर्ज केला होता. दुसऱ्या मोजणीतही 'गरज नाही' आलं, की दुभाजकातली फट लोखंडी कठडा लावून कायमची बंद होणार होती. बाईंनी साहेबांना स्पष्ट सांगितलं की माझी सख्खी बहीण तिथे राहते, दुसऱ्याला पाठवा. साहेब तरुण, कामसू, टेबलावर एक कागद इकडचा तिकडे नसलेले. ते म्हणाले, बाई, तुमच्याइतकं खरं दुसरं कोण मोजतं?

पहिल्या दिवशी उजव्या हातात तासाला एकेचाळीस आले. म्हणजे आठ महिन्यांत दोन कमीच. संध्याकाळी ती अक्काकडे गेली. पिशवीत दोन्ही टिकटिक्या होत्या आणि ताडून बघायला आणलेली आठ महिन्यांपूर्वीची वही. दारात चपला काढायला ती वाकली आणि तशीच वाकून राहिली. कोपऱ्यात अक्काचे सँडल होते. तपकिरी, धूळ बसलेले. डाव्या पायाचा पट्टा कधीतरी तुटला असणार, तो पांढऱ्या दोऱ्याने घरीच शिवलेला.

तिने उभ्या उभ्या वही काढली आणि पान उलटलं. आपल्याच बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'तपकिरी सँडल, डावा पट्टा पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला, टाके सुबक. नऊला आली, साडेनऊला आली, अकराला आली. तिन्ही वेळा परत.'

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. उभ्या शहराचे पाय ओळखणारी बाई आपल्या बहिणीच्या पायांपासून चार हातांवर बसली होती, तिच्या टाक्यांचं कौतुकही लिहून ठेवलं होतं, आणि मान काही वर केली नव्हती. तिला इतकी लाज वाटली की आत जावं की परत फिरावं हेच कळेना. तिच्याच हिशेबाने परत फिरली असती तर डावीकडे एक वाढला असता. ती आत गेली.

"त्या दिवशी तू खाली आली होतीस," ती म्हणाली. "तीनदा. मला हाक का नाही मारलीस?"

अक्काने सुई सदऱ्यात टोचून ठेवली. "तू मोजत होतीस. मोजताना हाक मारली की तुझं चुकतं, लहानपणापासून." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि मला वाटलं, धाकटी मोजतेय म्हणजे मी मोजले गेले."

"मोजलं होतं, अक्का. पाठवलं नव्हतं. आणि 'गरज दिसत नाही' असं लिहिणारी मीच."

आतून भाची आली, तिने वही हातात घेतली आणि ते पान दोनदा वाचलं. आईकडे बघितलं, मग पुन्हा पानाकडे. निबंध तिने परवाच लिहून संपवला होता. आता तिच्या तोंडावर तो फाडावा लागणार असं स्पष्ट दिसत होतं. पण तरुण रक्त, तिने लगेच उपाय काढला: उद्या शंभर वेळा जास्त दाब ना मावशी, कोणाला कळणार आहे?

"मला कळेल," मावशी म्हणाली. "एकदा खोटं दाबलं की तेहतीस वर्षांचं खरं दाबलेलंही खोटं होतं. खोट्याची गरजच नाही इथे. खरंच अर्धं पाठवलंय आपण, उरलेलं अर्धं पाठवू."

अक्काने तिचा हात धरला, आणि तो डावा होता हे दोघींपैकी कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीबाईने साहेबांना फोन केला. जागेवर एक अडचण आहे, येऊन बघावं लागेल, दहा वाजता समोरच्या शिवणकारखान्यात भेटू, मालकीण चहा करणार आहे, असं सांगितलं. साहेब वेळेचे पक्के. दहाला पाच कमी असताना गाडी अक्काच्या घराच्या बाजूला थांबली. चकचकीत काळे बूट उतरले आणि फुटपाथच्या कडेला येऊन उभे राहिले. बाई सावलीत स्टुलावर होती, आणि तिने सवयीने मान वर केली नाही. एक मिनिट. दोन मिनिटं. डावा बूट रस्त्यावर उतरला आणि एका टेम्पोने जोरात भोंगा दिल्यावर परत वर आला. चार मिनिटं. मग बूट वळले, गाडीत बसले आणि गाडी दूरच्या सिग्नलवरून फिरून यायला निघून गेली.

बाईने डाव्या हाताची टिकटिकी दाबली. चाक अडकलं होतं, तिने ती गुडघ्यावर आपटली आणि पुन्हा दाबली. मग मोजणीला बरोबर आलेल्या खात्यातल्या जोडीदाराला आपल्या जागी बसवलं आणि स्वतः दुभाजकाच्या फटीतून, तेहतीस वर्षांच्या सरावाने, पलीकडे गेली. साहेब पोचेपर्यंत चहा कपात ओतून झाला होता.

"साहेब, आज सकाळपासून तुम्ही एकशे बारावे," ती म्हणाली. "कडेला आलात, चार मिनिटं थांबलात आणि परत गेलात. तक्त्यात तुमची जागा नाही. मग तुम्हाला पलीकडे यायचंच नव्हतं, असं लिहू?"

साहेबांनी कप खाली ठेवला. ते हुशार होते, आणि हुशार माणसाला स्वतःच्या पायाने सापळ्यात आल्याचं लगेच कळतं. आधी त्यांनी कायदा सांगितला, की नियमात फक्त ओलांडणारे धरलेत, थांबणारा कशासाठी थांबला हे ठरवायचं कोणी? तो नुसता हवा खायलाही उभा असेल. बाई म्हणाली, बरोबर आहे, म्हणून मी विचारते. आज सकाळी परत फिरलेल्यांपैकी साठ जणांना तिच्या जोडीदाराने गाठून विचारलं होतं. चौपन्न जणांना पलीकडे काम होतं: कोणाला दवाखाना, कोणाला बसथांबा, चौघींना हाच कारखाना. दोघं वाट बघत उभे होते. एक हवा खायला. तिघांनी तुम्हाला काय करायचंय असं विचारलं. ती म्हणाली, आकडा सांगतो किती गेले. का गेले आणि का नाही गेले हे माणूसच सांगतो, कारण त्याचं त्यालाच ठाऊक असतं. आपण माणसांसाठी रस्ता बांधतो, तर त्यांना एवढं विचारायला काय हरकत आहे?

मग तिने छत्तिसावी वही टेबलावर ठेवली. आठ महिन्यांपूर्वीचा उजवा त्रेचाळीस, डावा तासाला एकशे अठरा. "दोन्ही मिळून एकशे एकसष्ट. हे तेव्हाच तुमच्यापर्यंत यायला हवं होतं. नाही आलं, ही चूक माझी. तसं लिहून देते."

साहेबांनी वही चाळली. 'टाके सुबक' पाशी ते जरा थांबले, पण त्यांनी काही विचारलं नाही. खिशातून पेन काढलं, कोऱ्या तक्त्यावर पट्टी न घेता एक उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं: 'आले, पण गेले नाहीत.' रेघ वाकडी आली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वाकडी रेघ तशीच ठेवली असावी. कायमच्या सिग्नलला मंजुरी लागते आणि मंजुरीला महिने लागतात, ते त्यांच्या हातात नव्हतं. पण कामाच्या जागी लावतात तो चाकांवरचा तात्पुरता दिवा त्यांच्याच गोदामात पडून होता. पंधरा दिवस लावून बघू, म्हणाले. मोजणी अर्थात बाईंनीच करायची. कठड्याचा कागद त्यांनी फाइलमधून काढून खणात ठेवला.

दिवा अठ्ठावीस तारखेला आला. कुरकुरत्या चाकांवर, एका अंगाला कललेला, पण लाल तो लाल आणि हिरवा तो हिरवा. मोजणीबाई आठलाच हजर झाली, अर्धा तास उभी राहून बघितलं, मग स्टूल उघडलं. उजव्या हातात खात्याची टिकटिकी, डाव्यात आपली. नऊ वाजेपर्यंत उजवीकडे सत्तर झाले होते आणि डावीकडे दोन. तेहतीस वर्षांत डावा हात इतका मोकळा तिला कधीच मिळाला नव्हता.

नऊ वाजून चार मिनिटांनी तपकिरी सँडल कडेला येऊन उभे राहिले. धूळ पुसलेली. डावा पट्टा पांढऱ्या दोऱ्याचा.

बाईने मान वर केली. अक्का तिच्याकडे बघत नव्हती. तिचं लक्ष समोरच्या दिव्याकडे होतं, काखेत कात्रीची पिशवी, आणि शाळेच्या पहिल्या दिवशी फळ्याकडे बघताना असायचं तसंच तोंड. दिवा हिरवा झाला. अक्का उतरली. गुडघा दर पावलाला तक्रार करत होता, ती त्याचं ऐकून घेत होती आणि पुढे जात होती. दुभाजक आला. फट आली. पलीकडे कारखान्याच्या खिडकीत चार डोकी गोळा झाली. हिरव्याचे तीन सेकंद शिल्लक असताना अक्काने पलीकडच्या फुटपाथवर उजवं पाऊल ठेवलं, मग डावं. खिडकीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मोजणीबाई पदरमोड करून घेतलेल्या रुमालात तोंड खुपसून रडली. नोकरीत असताना, कामाच्या वेळात.

संध्याकाळी तक्ता साहेबांच्या टेबलावर गेला. तासाला सरासरी एकशे सत्तावन्न गेले, तीन आले पण गेले नाहीत. खाली शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं होतं: 'नऊ वाजून चार मिनिटांनी एक बाई मोजायची राहिली. ती पोचली.'